घरी जुळवलेलं वेप (ई-सिगारेट) दुरुस्तीला आलं, तर सेल तपासून द्यावा का?

कुर्लेकर (धागाकर्ता)

कुर्ला पश्चिमेला माझं मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली कॉलेजची पोरं एक वस्तू घेऊन येतात. तांब्याची नाहीतर पितळेची नळी, आत १८६५०चा (लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसा लांबट गोल, लिथियमचा) एक सेल, खाली दाबायचं बटण, वर तारेची कॉइल आणि तिने तापून वाफ होणाऱ्या द्रवात भिजवलेला कापूस. सर्किट नाही, फ्यूज नाही. बटण दाबलं की सेल थेट कॉइलवर. व्हिडिओ बघून घरी जुळवतात आणि सेल जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढतात.

परवा एक जण आला, "काका, बटण चटका देतंय, बघा ना." सेल बाहेर काढला तर वरच्या टोकाला आवरण फाटलेलं आणि त्याखालची कागदी चकती गायब. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या सेलचं अख्खं पत्र्याचं अंग ऋण असतं, पार वरच्या कडेपर्यंत. मधली टिकलीएवढी टोपी तेवढी धन. दोन्हींमध्ये जेमतेम फट असते आणि तिथे आडवं असतं ते फक्त हे पातळ आवरण आणि ती चकती. इथे दोन्ही नव्हतं. कॉइल मोजली, ०.२ ओहम. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, म्हणजे २१ अँपिअर. लॅपटॉपचा साधा सेल सलग चार-पाच अँपिअरसाठी बनवलेला असतो.

मी त्याला हा हिशेब कागदावर मांडून दाखवला, सेल ठेवून घेतला, नळी परत दिली. शेजारचे दुकानदार म्हणाले, हातच लावायला नको होतास. मला ते पटत नाही. वेपवर बंदी आहे आणि ती असावी, यात माझा वाद नाही. पण पोरगं ती वस्तू खिशात घालून कुर्ल्याहून लोकलमध्ये चढणार हे दिसत असताना "आमच्याकडे होत नाही" म्हणून पाठवून देणं मला जमत नाही. तुमचं मत सांगा.

दादरचा वकील

कुर्लेकर, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण तुम्ही कुठे उभे आहात ते बघा. २०१९च्या ई-सिगारेटबंदीच्या कायद्यात 'उत्पादन' म्हणजे केवळ कारखान्यातलं उत्पादन नव्हे. ई-सिगारेट किंवा तिचा कुठलाही भाग बनवणं, जुळवणं, हे सगळं त्यात येतं. निकोटीन असो वा नसो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करण्याचं कलम वेगळं, त्याला सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही.

आता तुमच्या टेबलावर अशा दोन नळ्या पडल्या आहेत आणि दुकानात कोणी तपासणीला आलं. तुम्ही सेल तपासत होतात की वस्तू चालू करून देत होतात, हे कोण ठरवणार? आणि नळी परत दिलीत, ते कशासाठी? त्या नळीचा दुसरा उपयोग काय? पोरगा लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन संध्याकाळपर्यंत दुसरा सेल घालणार.

घाटकोपर_आर

मी धागाकर्त्याच्या बाजूने, आणि थोडा पुढे जाऊन बोलतो. मी बरीच वर्षं सिगारेट ओढायचो. वेपवर आलो आणि सिगारेट सुटली. बंदीनंतर स्वतः जुळवायला शिकलो. पण ही मेक नळी (कुर्लेकर म्हणतात ती, बिनसर्किटची) मी कधीच वापरली नाही. नियंत्रक बोर्ड असलेलं यंत्र शॉर्ट झालं तर करंट तोडतं, सेल उतरला तर थांबतं, कॉइल फार कमी ओहमची असली तर चालूच होत नाही. सुटा सेल नेहमी प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा, किल्ल्या-नाण्यांबरोबर कधीही नाही. आवरणाला चीर दिसली की सेल बाद. एवढं पाळलं तर धोका फार कमी होतो. हे कोणी सांगत नाही म्हणून पोरं नळीकडे वळतात. कुर्लेकरांनी सेल तपासावा, आणि "बोर्डवालं वापर" असंही सांगावं.

परिचारिका_परळ

वरच्या घाटकोपरवाल्या दादांना आणि कुर्लेकरांना दोघांना लिहितेय.

मी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काम करते. लिथियमच्या सेलने भाजलेली मांडी तेलाने भाजल्यासारखी दिसत नाही. पँटचं नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, आणि त्याच्याखाली सेलमधलं रसायन पसरलेलं असतं. त्यातल्या क्षाराचा ओलाव्याशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं. ते वरवर भाजून थांबत नाही, आत उतरतं. म्हणून रुग्ण आणताना "बॅटरी फुटली" हे पहिल्यांदा सांगा. घरचे लाजेने "चहा सांडला" सांगतात आणि आमची सुरुवातच चुकीच्या उपचाराने होते.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ मधल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांची मोजदाद केली होती. १९५ घटना, १३३ जखमी. त्यातल्या ६१ घटना यंत्र किंवा सुटा सेल खिशात असताना घडल्या. ओढत असताना घडल्या त्याही जवळपास तितक्याच, ६०. म्हणजे डबीत ठेवा सांगून निम्मं कामही होत नाही.

कुर्लेकर, तुम्ही सेल तपासून परत दिलात की पोरगं मित्रांना काय सांगतं? "काकांनी चेक केलाय." तुमच्या तपासण्यातून त्याला जे धैर्य येतं त्याची मला भीती वाटते. आणि सिगारेट सोडण्यासाठी वेपच लागतं हे मला मान्य नाही. दोन मिलिग्रॅमचा निकोटीन गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन आहे, फोन फुकट आहे.

विभा_लालबाग

ताईंचं सगळं पटलं.

मला चार्जिंगबद्दल बोलायचंय. आमच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, लाकडी माळा, खाली गॅस. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाने असा सुटा सेल उशाशी चार्जिंगला लावला होता, उघड्या बोर्डवर, गादीच्या टोकावर. आई बडबडली तर म्हणतो, "मोबाइलपण तसाच लावतेस ना?" मोबाइलच्या बॅटरीला स्वतःचं संरक्षण सर्किट असतं, या सुट्या सेलला नसतं, हे त्या आईला कोण सांगणार? मला तरी हे कुर्लेकरांसारख्या माणसाकडूनच कळलं. ज्यांच्या हातात सेल येतो त्यांनी तोंड बंद ठेवलं तर आमच्यापर्यंत काहीच पोचत नाही. कायदा आमच्या जिन्यापर्यंत येत नाही, आग येते.

इलेक्ट्रॉनिक्स_शिकवतो

कुर्लेकरांचा मुद्दा कळतो, पण एक तांत्रिक प्रश्न. साध्या मल्टिमीटरवर ०.२ ओहम भरवशाने मोजता येत नाही. मीटरच्या दोन वायरींचाच रोध तेवढा भरतो. ०.२ आणि ०.१ मधला फरक म्हणजे २१ आणि ४२ अँपिअरमधला फरक. दुकानात घाईत केलेल्या मोजणीवर तुम्ही कोणाला "चालेल" सांगू शकत नाही.

सेलचंही तसंच. भंगारातला सेल वरून ठीक दिसतो, व्होल्टेजही ४.२ दाखवतो. पण मधल्या काळात तो पार खाली उतरून पडून राहिला असेल, तर आतलं तांबं विरघळून नको तिथे जमलेलं असतं. नंतर कोणी झटका देऊन 'जिवंत' केला की तो चार्ज होतो आणि आतून शॉर्ट व्हायची वाट बघत बसतो. हे मीटरवर दिसत नाही. आणि ९९०० एमएएच छापलेला १८६५० कोणी आणला तर तपासायचीही गरज नाही. या आकारात ती क्षमता बसतच नाही, चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास असतो. वजन करून बघा. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो, हे बरेचदा कितीतरी हलके निघतात.

म्हणून माझं मत: शिकवा जरूर. सेल टेबलावर ठेवून, टॉर्चवर, बल्बवर शिकवा. तोंडाला लावायच्या वस्तूवर नको.

कुर्लेकर

सर, वायरींचा रोध वजा करूनच मोजतो, टोकं एकमेकांना टेकवून आधी आकडा बघतो. तरीही मीटरची मर्यादा मान्य. म्हणूनच मी "चालेल" हा शब्द कोणाला देत नाही. आजवर एकही सेल "ठीक आहे, वापर" म्हणून परत केलेला नाही. तपासतो ते नाकारण्यासाठी. पोरगा नुसता "नको" ऐकत नाही. २१ भागिले ५ त्याला कागदावर दिसलं की ऐकतो, निदान थांबतो.

परळच्या ताई, क्विटलाइनचा नंबर छापून टेबलावर लावतो. आणि घाटकोपरवाले दादा, बोर्डवालं वापर असं मी सांगणार नाही. तुम्ही काळजीने वापरता हे मान्य, पण बोर्ड सेल वाचवतो. आत काय ओढलं जातंय ते बोर्डाला कळत नाही. २०१९-२० मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या आजाराने २८०७ जण दवाखान्यात गेले, ६८ मेले. तिथे बॅटरीचा काही संबंध नव्हता, बऱ्याच जणांच्या द्रवात ई-जीवनसत्त्वाचं तेल मिसळलेलं होतं. घरी जुळवणारा द्रव कुठून आणतो?

घाटकोपर_आर

ते मुख्यतः गांजाच्या अर्काचे बेकायदा कार्ट्रिज (द्रव भरलेल्या कुप्या) होते, निकोटीनचे नाही. दोन्ही एकत्र करू नका. आणि ते बेकायदा बाजारात झालं, हेच माझं म्हणणं आहे. बंदीने बाजार संपत नाही, नजरेआड जातो.

दादरचा वकील

नजरेआड जातो हे खरं असलं तरी त्यावर उपाय दुरुस्तीच्या दुकानाने करायचा नाही. कुर्लेकर, सल्ला म्हणून सांगतो. पोरगा आला तर वस्तू टेबलावर घेऊ नका. त्यालाच उघडायला सांगा, त्याच्याच हातात ठेवा, बोलायचं ते बोला. जुना सेल टाकायला म्हणून देत असेल तर तेवढा घ्या, कारण सुटा सेल बेकायदा नाही. नळी आणि कॉइल दुकानात राहता कामा नये.

विभा_लालबाग

आणि घेतलेले सेल? आमच्याकडे लोक ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतात. ते गाडीत दाबले जातात, पुढे कचरा डेपोत जातात.

कुर्लेकर

दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावतो, कोरड्या रेतीच्या पत्र्याच्या डब्यात वेगवेगळे ठेवतो, दुकानाबाहेरच्या बाजूला. डबा भरला की अधिकृत ई-कचरावाल्याला देतो. चाळीतले कोणी आणून दिले तर तेही घेईन, पैसे नको.

वकीलसाहेब, वस्तू त्याच्याच हातात ठेवायची हे उद्यापासून करतो. पण फाटलेल्या आवरणाचा सेल दिसला, पोरगा तो द्यायला तयार नाही आणि स्टेशनच्या जिन्याकडे निघालाय, तर मी काय करायचं ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

परिचारिका_परळ

निदान त्याला सेल नळीतून काढून टोकांना पट्टी मारून जायला लावा. दुकानात चिकटपट्टी असतेच.