कागद फुटला की छापणाऱ्यालाच आत टाकायचं का?

गिरगावकर:
काल इथे एकाने लिहिलं की सरकारी गुपित छापणारा पत्रकार देशद्रोही, सरळ आत टाका. डोकंच फिरलं वाचून. २०१९ ला राफेल विमानांच्या खरेदीचे कागद 'द हिंदू'त आले तेव्हा सरकारने सुप्रीम कोर्टात सांगितलं की ते चोरीला गेले, मग अॅटर्नी जनरल म्हणाले की झेरॉक्सबद्दल बोलत होतो. असे कागद कोर्टाने बघूच नयेत ही सरकारची हरकत १० एप्रिलला तिन्ही न्यायमूर्तींनी फेटाळली. आणि त्या कागदात होतं काय, तर पंतप्रधान कार्यालय परस्पर वाटाघाटी करतंय अशी संरक्षण मंत्रालयाचीच कुरकुर! यातून शत्रूला काय मिळालं ते सांगा.

कुलाब्याचे काका:
तू २६/११ ला कुठे होतास? मी नरिमन हाऊसपासून दोन गल्ल्या पलीकडे. कमांडो हेलिकॉप्टरमधून गच्चीवर उतरतायत ते चॅनलवाले लाइव्ह दाखवत होते आणि पाकिस्तानात बसलेले टीव्ही बघून आतल्यांना फोनवर सूचना देत होते. २०१२ ला कसाबच्या निकालात कोर्टाने चॅनलना झापलंय त्यावरून.

माहीमची:
काका, माझा मामा त्या रात्री व्हीटीला अडकला होता, आम्ही पहाटेपर्यंत टीव्हीसमोर, दुसरीकडून काही कळायला मार्गच नव्हता. सगळं बंद करा म्हणणं सोपंय.

कुलाब्याचे काका:
म्हणून कमांडो कुठे उभे आहेत ते दाखवायचं? जीव कोणाचा जात होता?

माहीमची:
असं मी कुठे म्हटलं? तोंडात शब्द घालू नका.

गिरगावकर:
अहो विषय कागदांचा आहे! लाइव्हचं वेगळं, त्याला २०१५ पासून नियम आहे.

रिटायर्ड क्लार्क:
आमच्या ऑफिसात छत गळतंय त्या फाइलवरपण 'गोपनीय' शिक्का मारायचे, ठेकेदार साहेबांचा नातेवाईक म्हणून. १९२३ चा इंग्रजांचा सरकारी गुपितांचा कायदा असा वापरतात. पत्रकार इफ्तिखार गिलानी आठवतो का, २००२ ला पकडला, सात महिने तिहारमध्ये, आणि तो कागद इंटरनेटवर कोणालाही मिळत होता. सरकारने खटला मागे घेतला, पण त्याचे महिने कोण देणार?

कुलाब्याचे काका:
गिलानीचं चुकलं, मान्य. एकावरून कायदाच मोडीत काढायचा? उद्या पाणबुडीचा नकाशा कोणी छापला तर?

गिरगावकर:
त्याला पकडा, कोण नको म्हणतंय. पण माहिती अधिकार (आरटीआय) कायद्याच्या कलम ८(२) मध्ये स्पष्ट आहे, जनहित जास्त असेल तर गुपित कायदा असूनही माहिती देता येते. मग छापणाऱ्याला तीच कसोटी का नाही? ज्याची चोरी पकडली गेली त्या खात्यानेच गुपित काय ते ठरवायचं, हे मला कधीच पटणार नाही.

कुलाब्याचे काका:
बरं, कोर्टाने ठरवावं. पण आधी जामीन तरी द्या रे, नाहीतर निकाल लागेपर्यंत हा माणूस पण सात महिने आतच.