७०० हाली की ६०० कलदार?

प्रश्न (पाचोरा): पणजोबांच्या चोपडीत मोडीत नोंद आहे: शके १८४५, सोयगावच्या मेहुण्यांस ७०० रुपये हातउसने. खाली ‘६०० पावले’. त्या १०० वरून दोन घरांत बोलणं तुटलं, ते आजतागायत! खरंच बुडवले का?

उत्तर: भाऊ, रुपये कुठले ते आधी सांगा. सोयगाव तेव्हा निजामाच्या मुलखात, तिथे हाली शिक्का चाले. पाचोऱ्यात इंग्रजी कलदार. ठरीव दर ७ हालीला ६ कलदार, कारण हालीत चांदीच कमी. त्या हिशेबानं फेड चोख आहे.

दुसरं उत्तर: घाई नको. दिले कलदार असतील तर शंभर येणंच निघतं. रकमेशेजारी नीट बघा.

प्रश्नकर्ता: पाहिलं. शाई उडालीय, पण ७०० पुढे ‘हाली’ वाचता येतं. मेहुण्यांनी पै न पै फेडली होती! रविवारी चोपडी घेऊन सोयगावला जातोय.