बाणेरच्या आयटी पार्कची कमान: ग्रांद आर्शसारखा पांढरा मार्बल चालेल का?

रेषा_रचना (प्रश्न)
बाणेरला एका आयटी पार्कच्या प्रवेशाशी आरसीसीची चौकोनी कमान होतेय, उंची १८ मीटर, रुंदी २० मीटर. मालकांना पॅरिसच्या ला देफाँसमधल्या ग्रांद आर्शसारखी पांढरीशुभ्र हवी आहे. ठेकेदार २० मिमी मकराना (राजस्थानचा पांढरा मार्बल) केमिकलने चिकटवून देतो म्हणतोय. टिकेल का? शिवाय मूळ कमान पॅरिसमधून तिच्यापर्यंत येणाऱ्या सरळ रेषेला, म्हणजे शहराच्या अक्षाला, थोडी तिरकी आहे, तशीच इथेही फिरवा असा आग्रह आहे. त्यामागे काय कारण होतं?

दगडी_काम
चिकटवू तर नकाच, पण मार्बलही नको. ग्रांद आर्शचं उद्घाटन १९८९ मध्ये झालं तेव्हा तिच्यावर इटलीतला कारारा मार्बल होता. २०१४ ते २०१७ च्या नूतनीकरणात तिथला खराब झालेला मार्बल उतरवून ग्रॅनाइट बसवला. शिकागोच्या अमोको टॉवरवरही पातळ कारारा होता, तोही १९९०च्या सुमारास सगळा काढून ग्रॅनाइट लावावा लागला.

कारण दगडाच्या पोटात आहे. कॅल्साइटचा कण तापला की एका दिशेने फुगतो आणि आडव्या दिशेने किंचित आकसतो. शेजारच्या कणांच्या दिशा वेगळ्या, म्हणून दर उन्हा-थंडीला त्यांची आपसातली पकड सैल होते आणि गार झाल्यावर लादी मूळ मापावर येत नाही. पाणी मुरलं की हे आणखी वेगाने होतं. पातळ लादी मग वाटीसारखी वाकते, ताकद घटते आणि तिला धरणाऱ्या पिनेपाशी कोपरा तुटतो. आपल्याकडे मेमधलं ऊन आणि त्यावर वळीव म्हणजे नेमकी हीच परिस्थिती.

क्लॅडिंग_पुणे
सहमत. ३० मिमी पांढरा ग्रॅनाइट घ्या आणि ड्राय क्लॅडिंग करा, म्हणजे लादी न चिकटवता धातूच्या ब्रॅकेट-क्लॅम्पवर टांगा. वजन चौरस मीटरला सुमारे ८० किलो, म्हणजे ९०० × ६०० मिमीची लादी ४४ किलोची. प्रत्येक लादीला चार क्लॅम्प: खालचे दोन भार घेणारे, वरचे दोन फक्त धरून ठेवणारे. सगळं एसएस ३१६ (सहज न गंजणारं स्टेनलेस स्टील). जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) ब्रॅकेट आले की काही वर्षांत गंजाचे ओघळ दिसणारच. ब्रॅकेटची भोकं लांबट ठेवा, कारण आरसीसी कधीच ओळंब्यात नसतं. सांधे ८ मिमी, त्यात दगडाला डाग न पाडणारं न्यूट्रल सिलिकॉन. साधं सिलिकॉन तेल सोडतं आणि पांढऱ्या दगडाच्या कडा काळवंडतात.

ग्रॅनाइट निवडताना लोहाचे ठिपके बघा. पांढऱ्या ग्रॅनाइटच्या काही जातींमध्ये ते असतात आणि पावसाळ्यात तांबूस होतात. ऑर्डरआधी नमुने ओले-सुके करून पाहा. माथ्यावरच्या कोपिंगचा (वर झाकणासारख्या बसवलेल्या दगडांचा) उतार आतल्या बाजूला द्या, नाहीतर धुळीचं पाणी दर्शनी भागावर उतरेल.

पाया_आणि_पाइल
तिरकेपणाबद्दल: ग्रांद आर्श साधारण साडेसहा अंश फिरलेली आहे. खालून उपनगरी रेल्वे, मेट्रो आणि मोटरवे जातात. सुमारे तीन लाख टनांची इमारत १२ खांबांवर उभी आहे आणि हे खांब त्या बोगद्यांच्या मधल्या जागेत उतरवायचे होते. वास्तुकार स्प्रेकेलसन यांना या फिरवण्यामुळे कमानीची खोलीही नजरेत भरते हे आवडलं, पण मूळ अडचण जमिनीखालची. तुमच्या प्लॉटखाली अडथळा नसेल तर सरळ ठेवा, फाउंडेशन आणि शटरिंग दोन्ही सोपं पडेल. जमीन तपासायला बोअर मात्र प्रत्येक पायाखाली घ्या. आपला काळा पाषाण वरून एकसंध वाटला तरी मध्ये झिजलेले थर निघतात.

रेषा_रचना
कमानीच्या पोटाला, म्हणजे वरच्या तुळईच्या खालच्या बाजूलाही हाच ग्रॅनाइट लावू का?

क्लॅडिंग_पुणे
नाही. खालून लोक जाणार आहेत. तिथे सॉलिड ॲल्युमिनियम पॅनेल त्याच पांढऱ्या छटेत घ्या, एसएस स्क्रूने सबफ्रेमला (मागच्या धातूच्या सांगाड्याला) बांधा आणि कडेला ड्रिप ग्रूव्ह (पाणी आत न सरकता खाली गळावं म्हणून खाच) ठेवा. उघड्या कमानीतून वारा दाबून वाहतो, म्हणून सबफ्रेमचा हिशेब आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे पुण्याच्या ३९ मीटर प्रति सेकंद मूळ वेगावर, शोषणाचा (पॅनेल बाहेर ओढणारा) दाब धरूनच स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या.