एचआयव्हीचा धोका कमी असूनही १९ दिवसांपासून लक्षणांची धास्ती: चाचणी कोणती आणि केव्हा करावी?

प्रश्न (कृष्णाकाठ)

नमस्कार. माझे वय २७ असून नोकरीनिमित्त मी पुण्यात खोली घेऊन राहतो. १९ दिवसांपूर्वी एका अनोळखी स्त्रीशी माझा शरीरसंबंध आला. संबंधाच्या वेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत निरोध वापरला होता आणि तो फाटला नसल्याची खात्री मी नंतर त्यात पाणी भरून केली होती. मात्र त्याआधी तिने केलेले मुखमैथुन निरोधाशिवाय होते.

चौथ्या दिवशी लघवीला किंचित जळजळ जाणवली. घाबरून मी औषधाच्या दुकानात गेलो आणि तेथील माणसाने चिठ्ठी न मागता दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या पाच दिवस घेतल्या. त्यानंतर जुलाब झाले, बाराव्या दिवशी जिभेवर पांढरा थर दिसला आणि आता घसाही दुखतो आहे. दिवसातून पाच वेळा ताप मोजून मी मोबाईलमध्ये नोंद ठेवतो. आजवरचा सर्वांत मोठा आकडा ९९.१ आहे. स्राव येतो का, हे पाहण्यासाठी दर वेळी लघवीची जागा दाबून बघतो आणि ती जंतुनाशक घातलेल्या पाण्याने धुतो.

घरी माझ्यासाठी स्थळे पाहणे सुरू आहे आणि पुढच्या महिन्यात कांदेपोह्यांचा कार्यक्रम ठरला आहे. माझ्यामुळे एका निष्पाप मुलीचे नुकसान होईल, या विचाराने रात्र रात्र झोप लागत नाही. ही लक्षणे एचआयव्हीची असू शकतात का?

उत्तर १ (डोंगरवाट)

तीन वर्षांपूर्वी मी याच अवस्थेतून गेलो आहे. मी आरशासमोर टॉर्च धरून रोज जिभेचे छायाचित्र काढत असे आणि कालच्या छायाचित्राशी ते ताडून पाहत असे. रक्ताचा अहवाल आला तेव्हा त्यात काहीच निघाले नाही. कृपया आजपासून तापमापक कपाटात ठेवा आणि लक्षणे शोधत इंटरनेटवर बसणे थांबवा. त्यातून उत्तर मिळत नाही, फक्त पुढचे लक्षण मिळते.

उत्तर २ (समुपदेशिका, निवृत्त)

सरकारी रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे ज्याला सगळे आयसीटीसी म्हणतात तेथे, मी बरीच वर्षे काम केले आहे. टेबलापलीकडे बसून थरथरत्या हातांनी हीच हकिगत सांगणारी तुमच्या वयाची अनेक मुले मी पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रथम धोक्याविषयी. लाळेतून एचआयव्ही पसरत नाही आणि न फाटलेला निरोध त्या विषाणूला अडवतो. तुम्ही सांगितलेल्या प्रकारात, जिथे दुसऱ्या व्यक्तीचे तोंड तुमच्या अवयवाला लागले, तिथे एचआयव्हीची शक्यता जवळजवळ नगण्य असते.

आता लक्षणांविषयी. घडलेला क्रम पुन्हा एकदा शांतपणे वाचा. अँटिबायोटिकने जुलाब होणे ही नेहमीची गोष्ट आहे, त्यानंतर जिभेवर बुरशीचा पांढरा थर येऊ शकतो, आणि जी नाजूक जागा दिवसातून अनेकदा दाबली जाते व जंतुनाशकाने धुतली जाते ती चुरचुरणारच. म्हणजे भीतीपोटी केलेल्या उपायांनीच तुम्हाला नवी लक्षणे दिली असावीत. ९९.१ हा ताप नव्हे. एचआयव्हीच्या सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ येऊ शकते हे खरे; पण साध्या विषाणूजन्य तापातही हेच होते आणि अनेकांना लागण होऊनही काहीच जाणवत नाही. म्हणून लक्षणे असणे किंवा नसणे यावरून निदान होत नाही, ते रक्ताच्या चाचणीवरूनच होते.

शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली चौथ्या पिढीची चाचणी (म्हणजे विषाणूचा अंश आणि शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, दोन्ही शोधणारी) ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली, तर ती निर्णायक मानता येते. आयसीटीसीमध्ये बहुधा रॅपिड, म्हणजे काही मिनिटांत निकाल देणारी, फक्त प्रतिपिंडे शोधणारी चाचणी असते. तिच्यासाठी ९० दिवस पूर्ण होऊ द्यावेत. ही तपासणी नि:शुल्क असते आणि आधी व नंतर समुपदेशन होते. २०१७ च्या एचआयव्ही प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही व अहवाल कोणाला सांगता येत नाही, त्यामुळे घरी कळेल ही भीती बाळगू नका. रात्री फारच अस्वस्थ वाटले, तर १०९७ या नि:शुल्क क्रमांकावर बोला.

तुम्हाला अनोळखी मुलीची काळजी वाटते, हे वाचून मला बरे वाटले. कार्यक्रम एक-दोन महिने पुढे ढकलायला 'कामाचा ताण आहे' एवढे कारण पुरते.

उत्तर ३ (त्वचा व गुप्तरोग विभागातील डॉक्टर)

ताईंनी एचआयव्हीविषयी लिहिले ते योग्यच आहे, पण एक गोष्ट सुटू नये. मुखमैथुनातून गनोरिया आणि सिफिलिस होऊ शकतात, म्हणून 'धोका कमी' हे शब्द एचआयव्हीपुरतेच समजावेत. पुरुषांमध्ये गनोरिया बहुधा दोन ते सात दिवसांत पिवळसर, पुवासारखा स्राव घेऊन येतो; तो दाबून शोधावा लागत नाही, अंतर्वस्त्रावर डाग दिसतो. सिफिलिसचा व्रण मात्र १० ते ९० दिवसांत, सरासरी तीन आठवड्यांनी येतो आणि दुखत नसल्यामुळे सहज नजरेआड होतो.

दुकानातून घेतलेल्या गोळ्यांनी खरा आजार अर्धवट दबू शकतो, म्हणून गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत घेऊन सरकारी रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या तपासणी व उपचार केंद्रात, दाखवा आणि काहीही लपवू नका. लघवीची तपासणी आताच होऊ शकेल. सिफिलिससाठीची व्हीडीआरएल चाचणी सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी करावी. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल, तर त्याच भेटीत विचारून घ्या.

प्रश्नकर्ता (कृष्णाकाठ)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचल्यानंतर दोन दिवसांनी मी क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरांनी तपासून सांगितले की व्रण नाही, स्राव नाही; लघवीच्या तपासणीतही दोष निघाला नाही. दाबणे आणि जंतुनाशक बंद केल्यावर आठवड्याभरात जळजळ थांबली, जिभेवरचा थरही औषधाने गेला.

काल ४७ वा दिवस होता. चौथ्या पिढीची चाचणी आणि व्हीडीआरएल, दोन्ही निगेटिव्ह आल्या. अहवाल हातात घेऊन मी रुग्णालयाच्या जिन्यावर बराच वेळ बसून राहिलो. ताई, कार्यक्रम मी पुढे ढकलला आहे. तीन महिन्यांची शेवटची व्हीडीआरएल झाल्यावरच आईला पुढची तारीख ठरवायला सांगेन.