शब्दचर्चा : ‘रोड रेसिंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

१९६०च्या दशकातील अमेरिकी मोटार शर्यतींवरील एका लेखमालेचे मराठीकरण सुरू आहे. त्यात ‘रोड रेसिंग’, ‘स्पोर्ट्स कार’ आणि ‘अमॅच्युअर’ हे शब्द पानोपानी येतात. त्यांच्यासाठी अनुक्रमे ‘रस्त्यावरील शर्यत’, ‘क्रीडामोटार’ आणि ‘हौशी’ असे प्रतिशब्द सुचवण्यात आले आहेत. ते त्या काळाला लागू पडतात का, आणि पडत नसल्यास दुसरे काय योजावे, यावर जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद १

‘रस्त्यावरील शर्यत’ हा शब्द १९४८ सालासाठी चोख आहे, १९६०च्या दशकासाठी मात्र तो वाचकाची दिशाभूल करील. ऑक्टोबर १९४८मध्ये न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन येथे शर्यत झाली, तेव्हा मोटारी खरोखरच गावच्या हमरस्त्यावरून सुटल्या आणि भोवतालचे ग्रामीण रस्ते, दगडी पूल व रेल्वेचे रूळ ओलांडत साडेसहा मैलांची फेरी पुरी करून पुन्हा गावात आल्या. त्याच हमरस्त्यावर १९५२मध्ये एक मोटार कडेच्या प्रेक्षकांना घासून गेली आणि सात वर्षांचा एक मुलगा दगावला. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे पाइन वृक्षांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर शर्यती होत. तेथे १९५६मध्ये अर्नी मॅकॅफी या चालकाची फेरारी झाडावर आदळून त्याचा मृत्यू झाला आणि त्या शर्यती कायमच्या थांबल्या. विस्कॉन्सिनमधील एल्कहार्ट लेकच्या गावरस्त्यांवरील शर्यती तर १९५२नंतर झाल्याच नाहीत.

त्यामुळे १९५५ ते १९५७ या अवघ्या तीन वर्षांत रोड अमेरिका, वॉटकिन्स ग्लेनचा नवा मार्ग, लाइम रॉक, रिव्हरसाइड आणि लागुना सेका असे खास शर्यतीसाठी बांधलेले बंदिस्त मार्ग एकामागून एक उभे राहिले. १९६०च्या दशकातील बहुतेक ‘रोड रेस’ अशा डांबरावर झाल्या, ज्यावरून गावची वाहतूक कधी गेलीच नव्हती. तरीही ‘रोड’ हा शब्द टिकला, कारण तोवर तो जागेचा न राहता आकाराचा वाचक झाला होता. इंडियानापोलिससारख्या अंडाकृती मार्गावर चालकाला केवळ डावीकडे वळायचे असते. ‘रोड’ म्हटले की डावी-उजवी वळणे, चढउतार, वारंवार ब्रेक लावणे आणि गिअर बदलणे आलेच. लागुना सेका येथील ‘कॉर्कस्क्रू’ हे वळण पाहावे : चढ संपता संपता चालक मोटार डावीकडे घालतो, त्याच क्षणी समोरची जमीन खाली जाते, आणि मोटार उतारावर नीट स्थिरावण्याआधीच तिला उजवीकडे वळवावे लागते. अशा मार्गासाठी मी ‘वळणमार्गी शर्यत’ हा शब्द सुचवतो.

प्रतिसाद २

वळण अंडाकृती मार्गालाही असते, तेव्हा ‘वळणमार्गी’ने भेद स्पष्ट होत नाही. शिवाय मराठीत शर्यतीला नाव पडते ते बहुधा धावणाऱ्यावरून : घोड्यांची शर्यत, होड्यांची शर्यत, बैलगाडा शर्यत. पुणे जिल्ह्यात बैलगाडे ज्या जागी पळतात तिला ‘घाट’ म्हणतात हे खरे. पण शर्यतीला कोणी ‘घाट शर्यत’ म्हणत नाही. म्हणून ‘स्पोर्ट्स कारची शर्यत’ एवढेच लिहावे आणि ‘रोड’ गाळावा.

प्रतिसाद १ (पुन्हा)

मराठीच्या वळणाविषयीचे आपले निरीक्षण मला मान्य आहे, पण ‘रोड’ गाळता येणार नाही. अमेरिकेत त्या काळी शर्यतीची ओळख आधी जमिनीवरून ठरे आणि मग गाडीवरून; अंडाकृती मार्गावरची मंडळी आणि ‘रोड’वरची मंडळी यांच्या संघटना वेगळ्या, प्रेक्षक वेगळे आणि वर्तमानपत्रांतली जागाही वेगळी. भेद गाळला तर त्या जगाची मांडणीच हरवेल. आपल्या आक्षेपातून मात्र अधिक चांगला शब्द हाती येतो, असे मला वाटते. ‘वळणावळणाचा रस्ता’ म्हटल्यावर कोणाही मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर अंडाकृती रिंगण येत नाही. तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘रोड रेसिंग, म्हणजे वळणावळणाच्या बंदिस्त मार्गावरील शर्यत’ असे लिहून पुढे ‘रोड रेसिंग’च ठेवावे. फ्लोरिडातील सेब्रिंगबद्दल लिहिताना तर आपला ‘धावपट्टी’ हा शब्द विनासायास कामी येतो. तेथील बारा तासांची शर्यत दुसऱ्या महायुद्धातील विमानतळाच्या काँक्रीटच्या धावपट्ट्यांवरूनच जात असे.

प्रतिसाद ३

‘क्रीडामोटार’ कृपया वापरू नये. ‘स्पोर्ट्स कार’ मराठीत रुळलेला आहे. अडचण आहे ती त्याच्या अर्थाची. आज त्यावरून दिमाखदार खासगी गाडी डोळ्यांसमोर येते. त्या काळच्या शर्यतीत तो नियमांतला शब्द होता आणि त्याचा गाभा म्हणजे दोन आसने व झाकलेली चाके. या व्याख्येवरून वादही झाले. १९६२मध्ये अमेरिकी चालक रॉजर पेन्स्की यांनी अपघातात मोडलेल्या ‘कूपर’ या एकआसनी फॉर्म्युला वन मोटारीच्या सांगाड्यावर ‘झेरेक्स स्पेशल’ ही मोटार बांधली. चालक मधोमध बसे, आणि ‘दुसरे आसन’ म्हणून शेजारी एक चिंचोळी जागा ठेवून ती पत्र्याने झाकलेली होती. या मोटारीने त्या वर्षी रिव्हरसाइड आणि लागुना सेका येथील शर्यती जिंकल्या, प्रतिस्पर्ध्यांनी ओरड केली आणि पुढे आसनाचा नियम कडक झाला. पेन्स्की यांनी नियमाचे अक्षर पाळले आणि आशय मोडला, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९६६मध्ये सुरू झालेल्या कॅन-अॅम (कॅनडा व अमेरिकेतील स्पोर्ट्स कारच्या शर्यतींच्या) मालिकेत तर दोन आसने व झाकलेली चाके एवढे सांभाळले की इंजिनाच्या आकाराला मर्यादाच नव्हती. टेक्सासचे चालक व मोटारबांधणीकार जिम हॉल यांच्या ‘शॅपरल २ई’ या मोटारीवर मागच्या चाकांच्या आधारांना थेट जोडलेला उंच पंख होता. क्लचचे पेडल नसल्यामुळे डावा पाय मोकळा असे. सरळ मार्गावर चालक त्या पायाने पेडल दाबून पंख आडवा करी, आणि वळणाआधी पाय काढताच पंख तिरपा होऊन चाकांना जमिनीवर दाबून धरी. अशा यंत्राला ‘स्पोर्ट्स कार’ म्हणताना लेखमालेत एकदा तरी व्याख्या द्यावी.

प्रतिसाद ४

‘हौशी’बद्दल मला आग्रहाने लिहायचे आहे. मराठीत त्याला ‘कच्चा’, ‘नवशिका’ अशीही छटा येते, पण ‘हौशी रंगभूमी’ म्हणताना आपण तो शब्द मानधनाच्या संदर्भात वापरतो, कसबाच्या नव्हे. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही १९४४मध्ये स्थापन झालेली संघटना नेमक्या याच अर्थाने हौशी होती : चषक घ्यावा, पैसे घेऊ नयेत. ‘हौसेला मोल नाही’ ही आपली म्हण तेथे शब्दशः लागू होती. दुसऱ्या एका संघटनेने १९५८पासून रोख बक्षिसांची मालिका चालवली, आणि अखेर १९६३मध्ये या क्लबनेही स्वतःची व्यावसायिक राष्ट्रीय मालिका सुरू केली. मात्र हौशी शर्यती बंद पडल्या नाहीत. दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी चालू राहिले आणि मार्क डॉनह्यू यांच्यासारखा चालक एकातून दुसऱ्यात गेला. म्हणून ‘हौशी’ ठेवावा, पण १९६३नंतरच्या प्रत्येक शर्यतीला तो सरसकट लावू नये, आणि जेथे लावाल तेथे ‘बक्षिसाच्या रकमेविना’ हे शब्द जवळपास असू द्यावेत.