रॉटवायलर आहे म्हणून सोसायटीची नोटीस, मदत हवी आहे

केंद्राने २३ जातींवर बंदी घातली आहे, तेव्हा कुत्रा हलवा, अशी नोटीस सोसायटीने दिली आहे. नर, वय तीन वर्षं, कुणाला चावलेला नाही. महापालिकेचा परवाना मात्र संपलाय. उत्तर काय द्यावं?

नियमबाज: नोटिशीतला रोख बहुधा १२ मार्च २०२४ च्या परिपत्रकाकडे असणार. ते राज्यांना लिहिलेलं होतं: पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो वगैरेंच्या विक्री-पैदाशीला परवाने देऊ नका, आणि आधीपासून पाळलेल्यांचं निर्बीजीकरण करून घ्या. पाळलेला कुत्रा घराबाहेर काढा असं त्यातही नव्हतं! शिवाय १० एप्रिल २०२४ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. रीतसर प्रक्रिया करून सरकार पुन्हा नियम आणू शकतं, तेवढं लक्ष ठेवा.

उत्तर लेखी द्या, पोच घ्या. कोणत्या उपविधीखाली (सोसायटीच्या नोंदणीकृत नियमाखाली) नोटीस दिली, ते विचारा. नुसता सभेचा ठराव म्हणजे उपविधी नव्हे. उपविधीतली दुरुस्ती सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदवावी लागते. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सोबत जोडा.

पट्टेवाला: आधी परवाना. तो संपलेला असताना वाद घालायला गेलात तर पहिलं बोट त्यावरच ठेवतील. रेबीजच्या दाखल्यावर लसीचा बॅच नंबर आणि मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांक लिहून घ्या, नाहीतर दाखला याच कुत्र्याचा कशावरून, हा प्रश्न उरतोच. काही महापालिकांचे स्वतःचे नियम असतात (गाझियाबादने २०२२ मध्ये पिटबुल, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनोवर बंदी घातली होती), म्हणून तुमच्या पालिकेत चौकशी कराच.

आणि जात कुठलीही असो, निष्काळजीपणामुळे कुत्र्यापासून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होण्याचा संभव असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गावठीलाही हेच.

नियमबाज: लिफ्टमध्ये मझल (तोंडाला बांधायची मुसकी) लावा. सक्ती आहे की नाही यावर वाद घालत बसू नका, शेजाऱ्यांची भीती खरी असते. पण जाळीचा घ्या. तोंड घट्ट आवळणाऱ्या कापडी मझलमध्ये कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, उन्हात अंग तापून जीवावर बेततं. जाळीत तोंड पूर्ण उघडलं पाहिजे आणि नाक पुढे घासता कामा नये. सवय घरातच लावा: आत खाऊ ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, पट्टा नंतर. पहिल्याच दिवशी बक्कल आवळलंत तर पुढे मझल दिसताच पळेल. दोरी चार-सहा फुटांची, साधी. गुंडाळी होणारी नको, ऐन वेळी आवरत नाही.

प्रश्नकर्ता: आभार. निर्बीजीकरण करून टाकलं तर सोसायटी गप्प बसेल?

पट्टेवाला: कागद म्हणून उपयोग होईल, प्रमाणपत्र जपा. मात्र भीतीपोटी गुरगुरत असेल तर शस्त्रक्रियेने ते थांबेलच असं नाही. त्यासाठी प्रशिक्षक वेगळा लागतो.