मदत हवी आहे: सेवेतल्या लष्करी अधिकाऱ्याला मुलकी पद देताना गोपनीय अहवाल कोणी लिहावा?

नमस्कार मंडळी. लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलकी नेमणुकांवर तौलनिक टिपण करते आहे. एका कलमावर गाडी अडली आहे.

निवृत्तांचं सोपं आहे. अमेरिकेत १९४७ च्या कायद्याने संरक्षणमंत्र्याला सक्रिय सेवा सोडून १० वर्षं झालेली असावीत अशी अट घातली; २००८ मध्ये ती ७ वर आली, आणि २०२१ च्या अखेरीस जनरल दर्जाच्या अधिकाऱ्यांसाठी पुन्हा १० झाली. मार्शल (१९५०), मॅटिस (२०१७) आणि ऑस्टिन (२०२१) यांच्यासाठी संसदेला खास कायदा करून सूट द्यावी लागली. सूट कायदेमंडळाच्याच हातात हवी. नेमणाऱ्याकडे दिली की अट कागदावर उरते.

पेच सेवेत असलेल्यांचा. कॉलिन पॉवेल १९८७ मध्ये सेवेत असतानाच राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. अशा पदावर रोजचे आदेश मुलकी वरिष्ठाचे, पण बढती लष्कराच्या हातात. दोघांचं मत फाटलं की अधिकारी बढतीकडे बघून टिपणी लिहिणार, हे उघड आहे. (म्यानमारच्या २००८ च्या घटनेत तर संरक्षण, गृह आणि सीमा या खात्यांचे मंत्री सरसेनापतीच सुचवतो.)

सध्या मी माझ्या मसुद्यातल्या कलमात असं लिहिलंय: ‘पदावर असेपर्यंत अधिकारी लष्करी आदेशसाखळीबाहेर राहील, अहवाल फक्त मुलकी वरिष्ठ लिहील.’ पण मग परतल्यावर बढती मंडळ तो अहवाल बाजूला सारतं, आणि चांगले अधिकारी अशी पदं टाळतात.

दोन स्वतंत्र अहवाल ठेवावेत का? की मूळ जागेवर परतण्याचा हक्कच काढावा? कुठल्याही देशाच्या नियमातलं नेमकं कलम माहीत असेल तर शब्दशः द्या, प्लीज.